तीन बाजूंची पांढरी कड

गारठा असा पडला होता की ट्यूबमधली पेस्ट बाहेर यायलाच तयार नव्हती. मीटरमावशीनं ट्यूब काखेत धरली, वरून शाल घट्ट ओढली आणि तेवढ्या वेळात समोरच्या बॅटरी-चार्जरचं झाकण उघडून ठेवलं. खिडकीबाहेर धुकं गल्लीच्या तळापर्यंत उतरलं होतं. पलीकडच्या लेथवाल्याचं शटर वर गेल्याचा खडखडाट ऐकू आला, लेथवाला मात्र दिसला नाही.

"काखेत काय घातलंयस? थर्मामीटर?" आतून नवऱ्यानं विचारलं. तो बसचा निवृत्त कंडक्टर. तीस वर्षं गर्दीत ओरडून बोलायची सवय, ती दोन खोल्यांच्या घरात मावत नव्हती.

"पेस्ट आहे."

"मग ठीक. मला वाटलं ताप. नऊ दिवस झाले, तोंड तसंच करून बसलीयस."

सोल्डरिंगची बंदूक तापली होती, ती उगाचच ओल्या स्पंजवर पुसत राहिली.

गल्लीत तिला सगळे मीटरमावशी म्हणत, कारण ओट्यावर, स्वयंपाकात, शेजाऱ्याच्या लग्नात, कुठंही तिच्या पिशवीत मीटर असायचं. ब्रिज रेक्टिफायर बनवणाऱ्या कारखान्यात तिनं अठरा वर्षं काढली होती. कारखाना बंद पडल्यावर तिनं घराच्या पुढच्या खोलीत टेबल मांडलं, आणि चार्जर, वेल्डिंगचे सेट, यंत्रांच्या मोटरांचे ब्रेक, जिथं जिथं ब्रिज असतो ते सगळं तिच्याकडं यायला लागलं.

ब्रिज म्हणजे काय हे कुणी विचारलं की ती तळहातावर एक ठेवून दाखवायची. बिस्किटाएवढा चौकोनी तुकडा, मधोमध स्क्रूसाठी भोक, वर चार चपटे पाय, आणि एक कोपरा कापलेला. कापलेल्या कोपऱ्याजवळचा पाय प्लसचा. "भिंतीतली वीज जाते-येते, जाते-येते, सेकंदाला पन्नास खेपा. बॅटरीला न् चुंबकाला असली धरसोड चालत नाही. म्हणून ह्याच्या पोटात चार दारं बसवलेली असतात, एकाच बाजूला उघडणारी. वीज कशीही आत येऊ दे, बाहेर पडते ती एकाच दिशेनं."

"म्हणजे मागच्या दारानं चढा, पुढच्या दारानं उतरा," कंडक्टर म्हणायचा. "हे आम्ही पब्लिकला तीस वर्षं सांगितलं. तुझ्या सिलिकॉननं ऐकलं तरी."

कारखान्यात ती आधी पाय ओढायच्या टेबलावर होती. ब्रिजच्या पायाला वजन टांगायचं आणि पाय उपटून येतो का बघायचं. मग तिला जाळीच्या पिंजऱ्यात घेतलं. तिथं पाय आणि खालची धातूची पाठ ह्यांच्यामध्ये अडीच हजार व्होल्ट द्यायचे आणि एक मिनिट श्वास धरून काट्याकडं पाहायचं. शेवटची सात वर्षं भट्टीवर. ब्रिज तापवून पुन्हा मोजायचा. गार माल तपासून पास करायचा नाही, हा तिथला नियम होता. तापल्यावर एखाद्याच्या पोटातला सांधा सुटतो आणि गार झाला की पुन्हा टेकतो, हे तिनं शेकडो वेळा पाहिलं होतं.

आणि तिथं स्क्रू आवळायला एक पाना होता. ठरलेली ताकद लागली की तो कट्ट करून सुटायचा, पुढं आवळू द्यायचा नाही. ब्रिज ज्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर बसतो त्या पत्र्याला घट्ट चिकटला पाहिजे, म्हणजे उष्णता निघून जाते, पण जास्त आवळला तर पाठ वाकते आणि आतली काचेसारखी चकती तडकते. तसला पाना घरी घे म्हणून कंडक्टरनं किती वेळा सांगितलं असेल. मावशी हसायची. "माझ्या मनगटातच कट्ट वाजतं."

पान्याच्या जागी तिची स्वतःची एक खूण होती. पत्र्यावर उष्णता पोचवणारी पांढरी पेस्ट लावायची, ब्रिज ठेवायचा, स्क्रू फिरवायचा. चारी बाजूंनी पेस्टची पांढरी कड बाहेर डोकावली की थांबायचं. कड चारी बाजूंनी सारखी आली म्हणजे ब्रिज सपाट बसला. कारखान्यातली अठरा आणि घरची सहा, चोवीस वर्षांत ही खूण चुकली नव्हती.

महिन्यापूर्वी तिचा धाकटा दीर भंगारच्या यार्डातून एक पेटी घेऊन आला. तो तिथं क्रेन चालवायचा. क्रेनला हुकाऐवजी जेवणाच्या टेबलाएवढं विजेचं चुंबक होतं, आणि त्या चुंबकाला एका दिशेची वीज देणारी ही पेटी. आतला ब्रिज जळून काळा झाला होता. दीर कधीही आला की गल्लीच्या तोंडापासूनच स्वतःची वर्दी देत ओरडत यायचा, "वहिनी, चहा टाका, चुंबक आलाय!" आणि लेथवाला आतून सांगायचा, "दार लावा मावशी, भांडी चिकटतील."

नव्या ब्रिजसाठी पत्र्याला नवं भोक पाडावं लागलं. तिनं भोक पाडलं, फुंकर मारली, फडक्यानं पुसलं, पेस्ट लावली, ब्रिज ठेवून स्क्रू फिरवला. तीन बाजूंनी पांढरी कड आली. चौथ्या बाजूनं आली नाही.

"झालं का, वहिनी? गाडी उभी आहे, मालक फोनवर फोन करतोय."

ब्रिज काढायचा, पुसायचा, पुन्हा बसवायचा, म्हणजे दहा मिनिटं. मावशीनं स्क्रूला आणखी पाव फेरा दिला. कड आली नाही. आणखी एक पाव. मनगटात काहीतरी वाजलं, ते तिनं ऐकलं आणि सोडून दिलं. मग चौथ्या बाजूला बोटानंच थोडी पेस्ट लावली, दिसायला बरं दिसावं म्हणून. मीटर लावलं. चारही दारांचे आकडे पॉइंट अठ्ठेचाळीसच्या आसपास, उलट्या बाजूनं काही नाही. "घ्या," ती म्हणाली.

तीन आठवडे पेटी चालली. मग एका दुपारी यार्डात तीन ट्रक ओळीनं उभे राहिले, चुंबकाला उसंत मिळाली नाही, आणि इंजिनांच्या लोखंडी ब्लॉकचा एक गठ्ठा हवेत असताना सुटला. खाली ट्रकचा ड्रायव्हर फाळक्याची साखळी लावत होता. तो बाजूला उडाला म्हणून जीव वाचला, पण उजव्या पायाची दोन बोटं गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक स्वतः पेटी घेऊन आला. "मावशी, खरं ते सांगा. हिच्यात दोष आहे की पोराच्या बोटात?" पोरगा म्हणजे तिचा दीर, बेचाळीस वर्षांचा. चुंबक धरायचं एक बटण आणि सोडायचं एक, दोन्ही त्याच्या उजव्या अंगठ्याखाली होती.

मावशीनं मीटर लावलं. पॉइंट अठ्ठेचाळीस, अठ्ठेचाळीस, सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस.

"ब्रिज चांगला आहे," ती म्हणाली. तेव्हा तिला तसंच वाटलं होतं.

मालकानं मान हलवली. "म्हणजे बोटच." पेटी बदलून द्या म्हणून तिथंच ठेवून तो गेला. जुनं काही परत लावायची त्याची छाती नव्हती.

त्या दुपारी कंडक्टर केस कापायला गेला तेव्हा तिनं ब्रिज पत्र्यावरून सोडवला. चौथ्या बाजूला, पेस्टच्या खाली, भोक पाडताना निघालेला ॲल्युमिनियमचा किस दबून बसला होता. केसाएवढा, गोल वळलेला. ब्रिजच्या पाठीवर त्याचा वळ उमटला होता. ती बराच वेळ त्या वळावर नख फिरवत राहिली. मग कपाटातून इस्त्री काढली, दोन विटांच्या मध्ये उलटी उभी केली, तापलेल्या तळावर ब्रिज ठेवला आणि मीटरच्या सुया टेकवल्या. तापेल तसे आकडे खाली येतात, सिलिकॉनचा तो स्वभावच आहे. पॉइंट चव्वेचाळीस. चाळीस. अडतीस. तीन दारं तशीच हळूहळू उतरली. चौथं अडतीसपर्यंत आलं आणि मीटरवरून आकडाच गेला. दार बंद. चारातलं एक दार बंद पडलं की विजेची निम्मी खेप वाया जाते, आणि निम्म्या विजेवर चुंबक निम्मं वजनसुद्धा धरत नाही.

तिनं ब्रिज खिडकीत ठेवला. गार झाल्यावर पुन्हा सुया टेकवल्या. पॉइंट अठ्ठेचाळीस. जसं काही झालंच नव्हतं.

त्याच वेळी उठून यार्डात जायला हवं होतं, आणि ती चपला घालून उंबऱ्यापर्यंत गेलीही. समोरून नवरा आला, मान मागून कोरून, खुशीत. "कुठं?" "कुठं नाही." चपला निघाल्या त्या निघाल्याच. दुसऱ्या दिवशी जायचं ठरलं. तिसरा दिवस, काल का नाही आलात असं मालक विचारेल ह्याचं उत्तर जुळवण्यात गेला. चौथ्या दिवसापासून एकच प्रश्न, हे कळलं कधी, मोठा होत गेला, आणि रोज एका दिवसानं अवघड. ब्रिज तिनं बटणांच्या डब्यात टाकला, मग साखरेच्या मागं ठेवला, मग शालीच्या घडीत. शेवटी टेबलाच्या खणात, तिथंच जिथं तो कुणालाही सापडला असता. कुणी खण उघडला नाही.

आज नववा दिवस. पेस्ट मऊ झाली तशी तिनं ट्यूब काखेतून काढली. तेवढ्यात दार वाजलं. हाक आली नाही, नुसतं दार वाजलं.

दीर उभा होता. हातात प्लॅस्टिकच्या फायलीत एक कागद. उजवा हात स्वेटरच्या खिशात, अंगठा मुठीत दाबलेला. हल्ली तो दिवासुद्धा डाव्या हातानं लावायचा.

"दादा कुठंय?"

"दाढी करतायत. बसा, चहा ठेवते."

"चहा नको, वहिनी. दोन सह्या हव्यात. एक दादाची, घरातला साक्षीदार म्हणून. आणि एक तुमची."

"माझी कशाला?"

"तुम्ही तपासलात ना ब्रिज."

तिनं कागद घेतला. टाइप केलेला होता. 'माझ्या अंगठ्याचा सोड बटणास अनवधानाने स्पर्श झाला. चुंबकाच्या पेटीतील ब्रिज तपासणीत निर्दोष आढळला आहे. मी क्रेनचा परवाना स्वखुशीने परत करीत आहे व यापुढे क्रेन चालवणार नाही.' खाली तीन रेघा. पहिलीवर त्याची सही झालेली होती, डाव्या हातानं केल्यासारखी वाकडी.

"परवाना कशाला परत करताय?"

"परत केला की मालक पुढं तक्रार नेणार नाही म्हणतोय. यार्डातच ठेवतो, खाली. तांबं वेगळं, पितळ वेगळं करायला." तो हसायचा प्रयत्न करत होता. "चुंबक तांबं-पितळ ओढत नाही, म्हणून मला दिलं असेल."

"भावोजी, तुम्हाला आठवतंय का बटण दाबलेलं?"

त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. "पहिल्या दिवशी नव्हतं आठवत. शपथ घ्यायला तयार होतो, बोट लागलं नाही म्हणून. मग तुम्ही सांगितलंत ब्रिज चांगला आहे. तुमचं मीटर खोटं बोलत नाही हे लहान पोर सांगेल. मग विचार करायला लागलो. रोज थोडं थोडं आठवत गेलं." तो थांबला. "आता तर चांगलंच आठवतं. अंगठा असा सरकला. दिसतंच."

मावशीनं कागद टेबलावर ठेवला. पेन उचललं नाही. बोटं पेस्टनं पांढरी झाली होती ती शालीला पुसली, नवी शाल होती तरी.

"अंगठा सरकला नाही," ती म्हणाली. "मी सही करणार नाही. बसा."

खण उघडला, ब्रिज काढला. कपाटातून इस्त्री काढली, विटा आणल्या. तो बघत राहिला. सुया त्याच्या हातात दिल्या आणि कुठल्या दोन पायांवर टेकवायच्या ते बोटानं दाखवलं. त्यानं उजवा हात खिशातून काढला, कारण दोन सुया एका हातानं धरता येत नाहीत.

पॉइंट अठ्ठेचाळीस. चव्वेचाळीस. एकोणचाळीस. मग आकडा गेला.

"सुई सरकली माझी," तो म्हणाला.

"नाही सरकली."

"परत करा."

तिनं ब्रिज खिडकीच्या दगडावर ठेवला. गार व्हायला वेळ लागला, दोघंही दगडाकडं बघत बसली. आकडा परत आला. इस्त्रीवर ठेवला, गेला. "परत," तो म्हणाला. तिसऱ्यांदा आकडा गेला तेव्हा कंडक्टर अर्ध्या गालाला फेस घेऊन दारात उभा होता. काहीतरी गमतीचं बोलायला त्यानं तोंड उघडलं होतं. दोघांचे चेहरे पाहून तसंच मिटलं.

"हे कुणी केलं?" दिरानं विचारलं.

"मी. खाली किस राहिला होता. एका बाजूनं पेस्ट येत नव्हती, म्हणून जास्त आवळला. काढून बघायला हवं होतं. आणि मालक आला तेव्हा तापवून बघायला हवं होतं. मला माहीत होतं, गार बघायचा नसतो."

"मी घाई केली त्या दिवशी," तो म्हणाला. सवयीनं म्हणाला, घरात कुणाचं काही चुकलं की थोडं आपल्याकडं ओढून घ्यायची त्याची रीतच होती.

"घाई तुम्ही केलीत. आवळला मी."

तो मीटरकडं बघत होता. मग त्याच्या लक्षात आलं असावं. त्यानं मान वर केली.

"हे कळलं कधी तुम्हाला?"

तिला वाटलं होतं, हा प्रश्न मालक विचारेल.

"त्याच दुपारी."

"नऊ दिवस?"

कंडक्टरच्या गालावरचा फेस वाळून चालला होता.

"नऊ दिवस," तो पुन्हा म्हणाला, मोजल्यासारखं. सुया टेबलावर ठेवल्या, उठला, फाइल उचलली. "चला मग." वहिनी म्हणाला नाही.

यार्ड वीस मिनिटांवर. तो पुढं, ती मागं, पिशवीत ब्रिज आणि मीटर, टॉवेलात गुंडाळलेली इस्त्री पोटाशी. धुकं विरत होतं. लेथवाल्यानं विचारलं, "मावशी, इस्त्री कुठं निघाली?" तिनं ऐकलं नाही असं केलं. एरवी असल्या प्रश्नाला तिच्याकडं दोन तरी उत्तरं असायची.

मालकाच्या खोलीत कुलूप-किल्ल्यांच्या ढिगाशेजारी तिनं इस्त्री लावली. मालकानं दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा बघायची त्याला गरज वाटली नाही.

"मावशी, मी तुम्हाला विचारलं होतं. तोंडावर विचारलं होतं."

"हो."

"तापवून बघा असं मी कसं सांगणार? मला ह्यातलं काय कळतंय?"

"तुम्हाला नाही. मला कळत होतं."

तो खुर्चीत मागं रेलला. रागावला होता, पण नेमकं कुणावर ते त्याचं ठरत नव्हतं. नऊ दिवस त्यानंही एका माणसाला खाली उभं केलं होतं. "लिहून द्या," तो म्हणाला. कागद पालथा करून पुढं सरकवला.

तिनं लिहिलं. भोक कसं पाडलं, किस कसा राहिला, पेस्ट तीनच बाजूंनी आली होती, चौथ्या बाजूला बोटानं लावली.

मालक वरून वाचत होता. "एवढं बारीक कशाला? ब्रिज खराब निघाला एवढं पुरे."

"ब्रिज खराब नव्हता," ती म्हणाली. "तो मी खराब केला."

तारखा लिहिताना पेन थांबलं. बसवला ती तारीख लिहिली, गठ्ठा सुटला ती लिहिली, तपासून चांगला सांगितला ती लिहिली. मग खाली, 'तापवून पाहिल्यावर दोष त्याच दिवशी समजला,' आणि आजची तारीख. दोन तारखांमध्ये काय होतं ते लिहायला कागदावर जागा होती. ती तशीच ठेवली. सही केली.

"इथलं काम आता तुमच्याकडं येणार नाही," मालक म्हणाला.

"नकाच पाठवू."

"आणि ड्रायव्हरला तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार."

ड्रायव्हर वजनकाट्याच्या खोलीत स्टुलावर बसला होता, बँडेजचा पाय दुसऱ्या स्टुलावर. तो बरा होईपर्यंत मालकानं त्याला पावत्या फाडायला बसवलं होतं. मावशीनं उभ्या उभ्या सांगितलं. दोन वाक्यांत संपलं. वाटेत तिनं वीस जुळवली होती.

ड्रायव्हरनं दाराबाहेर उभ्या असलेल्या दिराकडं पाहिलं. "म्हणजे ह्यानं पाडलं नाही?"

"नाही."

"मी ह्याला नऊ दिवस शिव्या घालतोय. आईवरून घातल्या." तो पायाकडं बघत म्हणाला. मग मावशीकडं. "मग आता तुम्हाला घालू?"

"घाला."

त्यानं तोंड उघडलं, आणि पावतीपुस्तक उगाच मिटून ठेवलं. "उद्या बघू. आज गारठ्यानं पाय ठणकतोय. जा तुम्ही."

ती बाहेर आली. दीर क्रेनच्या शिडीपाशी उभा होता. मालकानं त्याला वर जायला सांगितलं होतं की नाही, तिला कळलं नाही. त्यानं एक हात शिडीच्या गजावर ठेवला होता आणि वर केबिनकडं बघत होता, चढत नव्हता. तिच्याकडं त्यानं पाहिलं नाही. तिनंही हाक मारली नाही.

घरी पोचली तेव्हा उन्हं अंगणात आली होती. दीर शेजारीच राहायचा, दोन्ही घरांचा नळ एकच. जाऊ पायरीवर बसली होती, ओचा खोचलेला, कपडे भिजवलेली बादली पुढ्यात, आणि कपड्यांना हात नाही. कंडक्टरनं तिला सांगून टाकलं होतं हे मावशीला लांबूनच कळलं. तो स्वतः आत जाऊन बसला होता.

मावशी पायरीखाली उभी राहिली. जाऊ ओरडेल, किंवा तोंड फिरवेल, दोन्हीला ती तयार होती.

"ताई," जाऊ म्हणाली, हळू आवाजात, "रोज त्याला मीच म्हणत होते. कबूल कर, मोकळा हो. रोज म्हणायचे. तो म्हणायचा, आठवत नाही गं. मी म्हणायचे, नीट आठव." तिनं बादलीतला एक शर्ट वर काढला, पिळला नाही, तसाच परत सोडला. "तुम्ही मला एक शब्द सांगितला असता."

मावशीनं पोटाशी धरलेली इस्त्री दुसऱ्या हातात घेतली.

जाऊ उठली. भिजलेले कपडे तसेच ठेवून आत गेली, दार लोटून घेतलं. कडी लावली की नाही, त्याचा आवाज आला नाही.

नळानं एकदा गुरगुर केली आणि पाणी आलं. अर्ध्या तासानं जाणार होतं. मावशीनं इस्त्री पायरीवर ठेवली, शाल कमरेला खोचली, आणि आपली बादली नळाखाली सरकवली. ती भरेपर्यंत जावेचे दोन हंडे तिच्या ओट्यावरून उचलून आणले, राखेनं घासले, विसळले, आणि ओळीत लावले.